सत्यशीलाचा खड्डा

खड्डे पुण्याला नवीन नाहीत, पण पगार घेऊन खड्डे करणारी माझ्या ओळखीत एकच, सत्यशीला. खराडीतल्या आमच्या गेम कंपनीत ती प्रोग्रामर, मी चित्रकार. ती जमीन उकरते, मी माती रंगवते. तीन वर्षं ती कंत्राटावर होती. "पुढच्या महिन्यात कायम करू," असं आमचा मालक अनिरुद्ध तिला सांगायचा. शब्दाचा पक्का माणूस, दर महिन्याला न चुकता सांगायचा.

गेम कालवा खणण्याचा. मोबाइलवर बोट दाबलं की पोकलेन माती काढतं, कालवा पुरा झाला की पाणी सोडायचं. अडचण अशी की घमेलंभर माती काढली तरी गेम अख्खी जमीन नव्याने मांडायचा. डोंगर, झाडं, पलीकडचं गाव, सगळं! स्वस्तातला मोबाइल तव्यासारखा तापायचा आणि चित्र जागच्या जागी थांबायचं.

अनिरुद्ध म्हणाला, "पुढच्या गुरुवारी गेम विकत घेणाऱ्या कंपनीच्या राजनंदिनी मॅडम बघायला येतायत. त्यांनी घेतला तर तुला कायम करतो. नाही घेतला तर खणणंच काढून टाकू. मग तुझं तरी इथे काय काम?" हे त्याने हसत सांगितलं, त्यामुळे जास्त राग आला.

सत्यशीलाने आठ दिवसांत मार्ग काढला. गेममध्ये जमिनी दोन असतात: एक दिसते ती, दुसरी न दिसणारी, जिच्यावर मशीन उभं राहतं. दिसणाऱ्या जमिनीचा फक्त बकेटखालचा तुकडा बदलायचा, बाकीच्याला हात लावायचा नाही. दुसरी बदलणं जड काम, म्हणून ते खेळणाऱ्याने बोट उचललं की मगच. ऑफिसात आम्ही सगळ्यांनी टकटक करून पाहिलं. मस्त चालला.

बुधवारी संध्याकाळी विश्रांतवाडीला घरी गेल्यावर तिने मोबाइल वडिलांच्या हातात दिला. महिपती काका पाटबंधारे खात्यात पोकलेन चालवून निवृत्त झालेले. त्यांनी बोट टेकवलं ते उचललंच नाही. खड्ड्याची विहीर झाली आणि पोकलेन मात्र तिच्यावर अधांतरी उभं.

"सत्या, हे पडत का नाही?"

"बाबा, मधे मधे बोट उचला ना."

"चालू खोदकामात लिव्हर कोण सोडतं गं?"

गुरुवारी सकाळी तिने मला हे सांगितलं. मी म्हटलं, "गप्प बस. मॅडम चार टिचक्या मारतील, चहा घेतील, जातील. आपण होऊन पायावर धोंडा कशाला पाडून घेतेस?" तिने मोबाइल चार्जिंगला लावला. मला वाटलं, पटलं.

मॅडमनी चार टिचक्याच मारल्या. खूश झाल्या. अनिरुद्धने पेढे मागवायला फोन उचलला, आणि ही बया म्हणते, "मॅडम, आता बोट न उचलता खणून बघा. काल माझ्या बाबांनी तसंच खणलं."

मशीन हवेत. मनातल्या मनात मी तिला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहीत नाही.

"दुरुस्तीला किती दिवस?" मॅडमनी विचारलं.

"चार."

"मग सोमवारी येते. आणि हे ज्यांच्या लक्षात आलं, त्यांनाही बोलवा."

अनिरुद्धने तिला केबिनमध्ये नेलं. काचेच्या केबिनीत ओरडणं ऐकू येत नाही, नुसतं दिसतं. ती बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. सरळ जागेवर बसली आणि कामाला लागली. मला माझीच लाज वाटली.

चार दिवसांत तिने बोट उचलायची वाट बघणंच काढून टाकलं. खणणं चालू असतानाच पोकलेनच्या पट्ट्यांखालची तेवढीच न दिसणारी जमीन थोडी थोडी बदलत जायची.

सोमवारी महिपती काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. धरणापासून गावापर्यंत एका दमात कालवा खणला. खड्डा खाली जाईल तसं मशीन खाली गेलं, आणि मोबाइल तापला नाही.

"कसं वाटलं, काका?" मॅडमनी विचारलं.

"मशीन बरंय. कुठे खडक लागत नाही, तेवढं खोटं."

मॅडम हसल्या. गेम घेतला म्हणाल्या. काकांनी मोबाइल टेबलावर ठेवला आणि अनिरुद्धकडे वळले.

"साहेब, हिला कायम केलं का?"

"अं... प्रोसेस सुरू आहे."

"केव्हापासून?"

अनिरुद्धने पाण्याची बाटली उघडली. मॅडम त्याच्याकडे बघत होत्या, सत्यशीला जमिनीकडे.

"तीन वर्षं," मी म्हटलं. माझा आवाज जरा जास्तच मोठा आला.

चहा संपायच्या आत पत्र आलं.

लिफ्टमध्ये सत्यशीला वडिलांवर चिडली. "बाबा, असं चारचौघांत विचारतात का?"

काका म्हणाले, "मी अकरा वर्षं रोजंदारीवर होतो. माझ्यासाठी कोणी विचारलं नाही."