पळसाच्या पानातला पुरावा

"उघड," डॉक्टर म्हणाला.

दवाखान्याच्या ओट्यावर, सगळ्या रांगेसमोर मी पळसाचं पान उघडलं. आत माझ्या थोरल्या पोरीची संडास होती. आठ वर्षांची पोर माझ्या पदरात तोंड लपवून उभी.

लोहाची गोळी पोटात गेली की संडास काळी होते. चार महिने गोळ्या देऊनही पोरीचं रक्त वाढेना. मी गोळ्या फेकते असं डॉक्टरचं म्हणणं, म्हणून हा पुरावा मागवलेला. काळीच होती.

त्याने नाकाला रुमाल लावला. "काळी माती कालवलीस का गं? तुमच्या वस्तीचं काय सांगावं."

"हिला शेत कुठं हाय साहेब," रांगेतून कोणी म्हणालं, "माती बी उसनीच आणली असंल."

रांग हसली.

घरी येऊन मी एकाच्या दोन गोळ्या सुरू केल्या. रडली तरी तोंडात बोटं घालून दिल्या.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. वर दुष्काळ. नव्या कचेरीच्या रस्त्याला आम्ही खडी फोडायचो. पोर पिवळी पडली, पोट फुगलं. तिला पाठीवर घेऊन नांदेड गाठलं. तिथं रक्त तपासणारा म्हातारा समजावून सांगू लागला.

"माय, लोह रक्तात एकटं फिरत न्हाई. त्याला वाहून न्यायला घागरी असतात समज. लोह कमी पडलं की घागरी रिकाम्या. ही तपासणी तेच बघते. हिच्या तर भरून सांडायल्यात, अन् सांडलेलं लोह अंगाला विख. रोग दुसराच हाय, जन्माचा. गोळ्या कोण देत होतं?"

"मी."

थोरली त्याच उन्हाळ्यात गेली. रोगाने की गोळ्यांनी, कोणी सांगितलं नाही. तिचे दात अजून माझ्या बोटांना लागतात.

पुढच्या वर्षी धाकटी पांढरी पडली. तोच डॉक्टर. त्याने गोळ्यांची पुडी पुढे केली. मी हात मागे घेतला.

"आधी रक्तातलं लोह तपासायची चिठ्ठी लिहा."

"मला शिकवतेस? शिकलीस किती?"

"चौथी. चिठ्ठी लिहा."

"सरक की गं बये," रांग ओरडली. मी ओट्यावरच बसले. दुपारी त्याने चिठ्ठी लिहिली.

धाकटीच्या घागरी रिकाम्या निघाल्या. तिला गोळ्याच हव्या होत्या.

"बघ, मी म्हणालोच होतो," डॉक्टर हसला.

"म्हणाला होतात. तपासलं नव्हतं."

त्यानंतर वस्तीतल्या ज्या पोराला लोहाची गोळी लिहून दिली, त्याच्यासोबत मी त्या ओट्यावर गेले. चिठ्ठी घेतल्याशिवाय उठले नाही. उठणारही नाही.

थोरली गेली. धाकटी जगली. मीही जगले.