धर गं टोक

आमच्या घरात पोरं सांभाळायचं काम सुरू झालं तेव्हा मी चार लोकांत सांगायचो, "बायकोची हौस आहे." म्हणजे माझा त्यात हात नाही. ज्या माणसाने उभी हयात दुबईत शटरिंगच्या फळ्या ठोकल्या, त्याने म्हातारपणी लोकांच्या पोरांची लंगोटी बदलायची? छट. पण अजमानचा हा फ्लॅट एका बेडरूमचा. बेडरूम मुलगा, सून आणि नातवाची, हॉल आम्हा दोघांचा. सकाळी मुलगा रास अल खैमाला टाइल्सच्या फॅक्टरीत जातो, सून शारजाला, नातू शाळेच्या बसने. ते गेले की आम्ही हॉलमधल्या गाद्या उचलतो, सोफा भिंतीला सारतो, आणि दाराची बेल वाजायला लागते. मी उठून जाणार कुठे? खाली तव्यासारखं तापलेलं पार्किंगचं सिमेंट.

मुळात मुलाने आम्हाला गावाहून बोलावलं ते नातवासाठी. तो शाळेत जायला लागला आणि आता काही विचारलं तर "नॉट नाऊ, आजोबा" म्हणतो. बायकोचे हात रिकामे झाले. मग बिल्डिंगमधल्या नोकरीवाल्या बायांनी एकेक पोर आणून सोडलं. पाटी नाही, परवाना नाही. वॉचमनने विचारलं तर नातेवाइकांची आहेत म्हणायचं. वॉचमन हसतो. एक मल्याळी नातेवाईक, एक पंजाबी.

आणि एक ही चिमुरडी, वरच्या मजल्यावरची, आईबाप पुण्याचे. दोघं दुबईत ऑफिसात. पोरगी झोपेत असतानाच आई तिला आमच्याकडे आणून ठेवायची आणि परत न्यायला यायची तेव्हा बाहेर दिवे लागलेले असायचे. "सॉरी काकू, आज पण ट्रॅफिक," हे तिचं रोजचं वाक्य. घरी गेल्यावर पोरीचं जेवण, आंघोळ, झोप. म्हणजे आईला आपलं मूल जागं बघायला मिळायचं ते जवळजवळ शनिवार-रविवारीच.

बायकोचा एक नियम आहे. पोराने इथे पहिल्यांदा काही केलं, दात आला, पालथं पडलं, पहिलं पाऊल टाकलं, तर आईला सांगायचं नाही. ते आईने घरी बघायचं आणि आपल्याला येऊन सांगायचं. मग आपण म्हणायचं, "अगंबाई, खरंच?" बायको हे असं म्हणते की नाटकात काम द्यावं.

हा नियम तिने कुठून आणला ते तिने मला कधी सांगितलेलं नाही, पण मला ठाऊक आहे. आमचा मुलगा पहिल्यांदा चालला तेव्हा मी दुबईत मुहैस्नाहच्या मजुरांच्या कॅम्पात होतो, आमच्या भाषेत सोनापूरला. तिने गावच्या दुकानातल्या फोनवरून मला आनंदाने सांगितलं. मी म्हटलं, "मला कशाला सांगतेस? मी काय इथून बघू?" आणि फोन ठेवला. त्यानंतर पोराने काय केलं काय नाही, ते तिने मला फोनवर कधी सांगितलं नाही. सुट्टीवर गेलो तेव्हा पोरगा धावत होता. माझ्यापासून लांब धावत होता.

असो. तर या पोरीचं. वर्षाची होऊन गेली, सव्वा वर्षाची झाली, तरी चालेना. उभी राहायची, सोफा धरून सरकायची, सोडलं की फतकल. एके दिवशी मी स्वयंपाकघराच्या दाराला फळी बसवायला घेतली, पोरं गॅसकडे जाऊ नयेत म्हणून. खिशातून टेप काढली. माझी जुनी टेप आहे, पिवळी पोलादी पट्टी, आकडे पुसट झालेले. साइटवर टेपचं एक टोक धरायला नेहमी एक हेल्पर असायचा. सवयीने मी म्हटलं, "धर गं टोक." आणि तिने धरलं! मी मागे सरकलो तशी ती पट्टी धरून उठली आणि चालत आली की माझ्याकडे. एक, दोन, तीन पावलं. वाटलं पट्टीच्या ओढीने येतेय. म्हणून मी पट्टी सैल सोडली. मध्ये मोठा झोळ पडला, तरी बया चालतेच आहे! पट्टीचा आधार तिला नव्हताच. टोक हातात पाहिजे, बस्स.

बायको पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. बघितलं, डोळे भरले, आणि लगेच मला म्हणाली, "अहो, तोंडाला कुलूप. शनिवारी तिच्या आईला बघू दे."

मी पट्टीच्या टोकाला चिंधी गुंडाळली, हात कापायला नको म्हणून. मग रोजचा खेळ सुरू झाला. हॉलची लांबी मोजायची, रुंदी मोजायची, सोफा मोजायचा, आजीला मोजायचं. मी हाक मारायचो, "चल हेल्पर, यल्ला यल्ला!" आणि ती खिदळत यायची. मल्याळी पोरगा मागून रांगत.

शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी आई आली ती नेहमीसारखीच. काही बोलली नाही. पोरगी घरी चालली नव्हती. पुढचाही शनिवार तसाच गेला. घरी गेली की ती दोन्ही हात वर करायची आणि आईबापाला तेच हवं असायचं, आठवडाभराचं उचलून घेणं बाकी असायचं. मग चालेल कशाला?

बायको मला म्हणाली, "मी सांगते आता तिला. नाहीतर ती टेप देऊन टाका."

"टेप?" मी म्हणालो, "चाळीस वर्षांची टेप आहे माझी. आणि थांब की थोडं. तूच नियम केलास ना? बघेल ती आपोआप."

खरं कारण तेव्हा मी स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. ती पोर आख्ख्या जगात फक्त माझ्या हाकेवर चालत होती. वर शिकलेले आईबाप, त्यांचे महागडे चाकवाले वॉकर, आणि चालायची ती माझ्या खिशातल्या वस्तूवर. मला त्याचा माज चढला होता. संध्याकाळी तिची आई आली की मी टेप खिशात टाकायचो आणि वर रुमाल ठेवायचो. रुमाल कशाला ठेवायचा? पण ठेवायचो.

मग एका संध्याकाळी ती आली तेव्हा बायको आत भाकऱ्या भाजत होती. दार मीच उघडलं. ती चपला न काढता उंबऱ्यातच उभी राहिली.

"काका, एक विचारू? आज हिला डॉक्टरांकडे दाखवलं होतं ना सकाळी."

"बरी आहे ना?"

"ते म्हणाले, एवढ्यात घाबरू नका, पण सांभाळणाऱ्यांना विचारा, तिथे चालते का. इथे चालते का हो काका? एखादं पाऊल तरी?"

पोरगी माझ्या पायाला धरून उभी होती. एक हात माझ्या खिशाकडे. सांगायला किती लागलं असतं? पण सांगितलं असतं तर ती विचारणार होती, कधीपासून. आणि मग इतके दिवस का नाही बोललात. कोणी जाब विचारलेला मला कधी चालला नाही, साइटवर फोरमनचासुद्धा नाही.

"आमच्याकडे?" मी म्हणालो. "नाही ब्वा. उभी राहते."

तिने मान हलवली. "ठीक आहे काका," म्हणाली, पोरीला उचलून घेतलं आणि गेली. आतून बायकोने विचारलं, "काय म्हणत होती?" मी म्हटलं, "ट्रॅफिक."

त्या रात्री जेवण गेलं नाही हे खोटं सांगणार नाही. जेवलो. पण दुसऱ्या दिवशी पोरीने खिसा ओढला तेव्हा मी टेप दिली नाही. तिने रडून घर डोक्यावर घेतलं. बायको म्हणाली, "आज काय झालं हेल्परच्या साहेबांना?" मी बाल्कनीत जाऊन बसलो.

त्याच आठवड्यात आई दुपारीच आली. कधी नव्हे ती दुपारी. डोळे सुजलेले. पोरगी नुकती उठली होती, बायको तिला खिमट भरवत होती.

"काकू, मी राजीनामा दिला," ती खाली सतरंजीवरच बसली. "उद्यापासून हिला मी घरीच ठेवते. माझंच चुकलं. मी हिला वेळच दिला नाही. चालत नाही, आता पुढे काय काय नाही करणार, काय माहीत."

बायकोने चमचा वाटीत ठेवला. "अगं पण चालते की ती! इथे तर..."

"काका म्हणाले, नाही चालत."

बायकोने माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं संसार केला, पण तसं तिने माझ्याकडे एकदाच बघितलं होतं, गावी, पोरगा माझ्यापासून पळाला त्या दिवशी.

मी उठलो. टेप काढली. हॉलच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उकिडवा बसलो. चिंधीचं टोक पुढे केलं. "धर गं टोक."

ती उठली. तोंडाला खिमट लागलेलं. टोक धरलं आणि ठुमकत आली, झोळ पडलेली पट्टी हलवत, हसत. माझ्यापर्यंत आली आणि माझ्या गुडघ्यावर हात आपटला. आपण जिंकलो म्हणून.

आई हसली नाही. टाळ्या वाजवल्या नाहीत.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"झाले तीन आठवडे."

"मी त्या डॉक्टरांसमोर रडले, काका. ते मला म्हणत होते रडू नका, आणि मी रडत होते." मग हळू आवाजात म्हणाली, "पहिल्यांदा चालली तेव्हा तुम्ही कुठे बसला होतात? इथेच?"

"इथेच," मी म्हणालो.

बायको मध्ये पडली. नियम माझा, दोष माझा, म्हणाली. मी तिला थांबवलं. "न सांगणं तुझं होतं. नाही म्हणून सांगणं माझं." आणि त्या पोरीच्या आईला, माझ्या मुलापेक्षा लहान बाईला, मी म्हणालो, "चुकलं माझं." आयुष्यात हे दोन शब्द मी फार कमी वेळा उच्चारलेत. तोंडात खिळे धरून बोलल्यासारखे आले. टेप पुढे केली, "ही घेऊन जा."

"नको काका. राहू दे," ती म्हणाली, आणि पोरीला घेऊन गेली. वाटी अर्धी तशीच राहिली.

तिने राजीनामा मागे घेतला, हे लिफ्टमध्ये पंजाबी पोराच्या आईकडून कळलं. पोरीला दुबईत, ऑफिसच्या जवळच्या नर्सरीत घातलं. आता मी पहाटे बाल्कनीत उभा राहतो तेव्हा खाली गाडीकडे जाताना दिसतात. पोरगी आईच्या खांद्यावर, मान लुळी टाकून झोपलेली. आमच्याकडे होती तेव्हा तास-दीड तास तरी आणखी झोपायची. परत येतात तेव्हाही झोपलेलीच. बायको म्हणते, "असं रोज बघत उभे राहू नका." मी उभा राहतो.

बायकोने नियम मोडला. आता पोरांच्या आयांना ती सगळं सांगते, आज अमुक केलं, आज तमुक केलं. सांगताना तिचा आवाज पूर्वीसारखा लागत नाही.

परवा मी दूध घेऊन वर येत होतो. लिफ्टचं दार उघडलं तर आत आई आणि पोरगी. पोरगी स्वतःच्या पायांवर उभी, बूट घातलेली. मी आत शिरावं की नाही? शिरलो. पोरीने माझ्याकडे बघितलं, मग शर्टाच्या खिशाकडे. हात वर केला.

"तोक," ती म्हणाली.

मी तिच्या आईला म्हणालो, "बोलली! ऐकलंस का, आत्ता बोलली ती!"

"हो," आई म्हणाली, लिफ्टच्या आकड्यांकडे बघत. "घरी केव्हाची म्हणते. चार्जरची वायर, माझी ओढणी, सगळ्याला तोक."

एवढं बोलून ती थांबली, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे वळून बघितलं. वाट बघत असल्यासारखं. कधीपासून, असं माझ्या जिभेवर आलं होतं. मी विचारलं नाही. खिशातून टेप काढली, वाकलो, आणि पोरीच्या हातात टोक नव्हे, आख्खी टेपच दिली. ती जड निघाली, तिने दोन्ही हातांनी धरली. आईने या वेळी नको म्हटलं नाही. माझा मजला आला, मी दूध घेऊन उतरलो.