मागं राहिलेली पात

वच्छलाआक्काचं नाव काढलं की मपलं डोकं उठतं. आधीच सांगून ठेवतो, मागून म्हणू नका की गोपीचंद गवंडी बाईमाणसाबद्दल लय तावातावानं बोलतो. तुमच्या डोक्यावर अशी बाई बसली असती, तर तुमी थापी फेकून पुण्याला पळाला असता. मी पळालो न्हाई, ही मपली चूक.

आमचं गाव राणीसावरगावच्या पलीकडं, माळाला. दसरा झाला की निम्मं गाव ऊस तोडायला जातं, ते होळीच्या मागंपुढं परत येतं. आक्का त्यातलीच. तिचा नवरा वैजीनाथ. ते माणूस असं की बायको बोलत असली की खाली बघून तंबाखू मळायचं, अन् बायको गप झाली की वर बघायचं. बिचाऱ्याला आभाळ काई फारसं दिसलेलं न्हाई. टोळीचा मुकादम बन्सीधर हाय, पण टोळी ऐकते आक्काचं. फडात हरेक जोडप्याला तोडायला उसाची एक पात धरून देतात. आक्काच्या टोळीत एक नेम हाय. मपली पात झाली म्हणून कोयता खाली ठेवायचा न्हाई. ज्याची पात मागं राहिली, त्याच्याकडं सगळ्यांनी वळायचं. कोणाला ताप असतो, कोणी पोटुशी असते. सगळ्यांचं एकदम संपलं पायजे, मंगच भाकरी सोडायची. दुसऱ्या टोळ्या हसतात. आक्का म्हणते, हसू द्या, त्यांचं तोंड दुखंल.

हाच नेम तिनं घरकुलाला लावला, अन् मला साडेसाती लागली.

आता घरकुलाचं सांगायचं तर सरकारचं सांगावं लागतं, अन् ते सांगून मपली जीभ कोरडी पडलीय. योजनेचं नाव बदललं. मंग यादी बदलली, मंग यादीचं नाव बदललं. घर पायजे तर जागा दाखवा, म्हणले. आरं बाबा, जागा न्हाई म्हणून तर घर न्हाई! कोण ऐकून घेतो? ग्रामसेवकाचं नावसुद्धा बदलून ग्रामपंचायत अधिकारी झालं, माणूस मात्र पहिल्यासारखाच सापडत न्हाई. अशी कैक वर्सं गेल्यावर टोळीतल्या घरांना माळावरची जागा मिळाली अन् घरकुलं मंजूर झाली. गावानं पेढे खाल्ले. मीबी खाल्ले. मला काय माहीत पुढं काय वाढून ठेवलंय.

तवा पंचायत समितीत एक साहेब होते. माणूस भला. म्हणले, "सुटी सुटी घरं कशाला बांधता? एक वसाहत करा. मधी सामाईक आंगण, पाण्याची एकच टाकी, सामानबी सगळ्यांचं एकदम आणा. आता धोरणच तसं आहे."

आक्का खूश. "साहेब, कारखान्यावर आमच्या राहायच्या कोप्या, झोपड्या, अशाच असतात की! दारं समोरासमोर. एकीचं लेकरू रडलं तर दुसरीला दिसतं."

साहेबांनी तिच्यासंग फोटू काढला, जागेवर चुन्याच्या फक्कीनं घरांच्या रेघा मारून घेतल्या, अन् महिन्याभरात बदलून गेले.

आक्काला घराची एवढी घाई का, ते ऐका. टोळी निघाली की लेकरंबी ट्रकात चढतात. शाळेत नाव राहतं, लेकरू राहत न्हाई. आक्का स्वतः दुसरीतून ट्रकात चढली ती चढलीच. तिचा लेक महारुद्र आठवीपर्यंत गणितात कोणाला हात धरू देत नव्हता, तो आता फडात मोळ्या बांधतो. अन् आता त्याची पोरगी भक्ती दहावीला आलेली. आक्कानं गावभर सांगून ठेवलेलं, "भक्ती ह्या वर्साला ट्रकात चढणार न्हाई. मी मेले तरी न्हाई."

पण पोरीला ठेवायचं कोणापाशी? गावात बारा महिने राहणारं टोळीचं माणूस एकच, पार्वतीबाई. टोळीतल्या किशनरावची विधवा. गुडघे गेलेत, ऊस सुटलाय, अन् राहायची एका पडक्या छपरात, ज्यात शेळीबी नाराजीनं बसंल. आक्कानं हिशेब मांडला. आधी पार्वतीबाईचं घर छतापर्यंत न्यायचं, दसऱ्याच्या आत. मंग टोळीतली सगळी शाळकरी लेकरं तिच्यापाशी ठेवायची. बाकीची घरं उन्हाळ्यात, एकामागं एक.

मी म्हणलं, "आक्का, तसं नसतं. हरेकाचं जोतं आधी काढू. ज्याचं सामान त्याच्या जागंवर."

"गोप्या, पार्वतामायची पात मागं हाय. तिच्याकडं वळ."

"ही पात न्हाई, आक्का! हे बांधकाम हाय!"

"बांधकाम तर बांधकाम. वळ तिकडं."

काय बोलता? वळलो. सगळ्यांची सिमिटं, खडी, गज एका घराला लागायले. बाया घमेली वाहायल्या, गडी पाणी ओढायले. एवढं मात्र खरं, की इतक्या झपाट्यानं मी जन्मात भिंत चढवली न्हाई. भिंती पुऱ्या झाल्या, आता वर स्लॅब टाकायचा, तेवढ्यात माळावर मोटारसायकल आली.

घरकुलाचा नवा इंजिनिअर, सिद्धोधन. कवळं पोरगं, पण कपाळावर आठ्या म्हाताऱ्याच्या. त्यानं हिकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"बाकीची घरं कुठं आहेत?"

"ही काय," आक्कानं जमिनीवरच्या फक्कीच्या रेघा दाखवल्या. "ते मनिषाचं, ते माणिकरावचं. अन् तुमी उभं हायत ते मपलं सैपाकघर. चपला काढा."

साहेबानं चपला काढल्या न्हाईत. त्याचं तोंड लालबुंद झालेलं. "मावशी, सगळ्यांचं सामान एकाच घरात घातलं? याला काय म्हणतात माहीत आहे का? अफरातफर!"

"आमी सगळ्यांनी मिळून घातलं की. कोणाची तकरार न्हाई."

"तुमची नसेल, कायद्याची आहे! ज्याचा हप्ता त्याचंच जोतं. सामाईक-बिमाईक आता काही राहिलं नाही, वरून नवीन पत्र आलंय."

"जुने साहेब म्हणले होते—"

"जुने साहेब बदलून गेले, त्यांचं मला सांगू नका. दसऱ्यानंतर मी एकदाच येणार. प्रत्येकाचं जोतं झालेलं पाहिजे, जोत्यावर मालक स्वतः उभा पाहिजे, तसा फोटो मोबाईलमध्ये जाणार. नाही गेला तर नाव कटलं. माझ्या हातात काही नाही."

मला इतका संताप आला की कोणावर काढावा ते कळंना. सरकारवर काढावा तर ते दिसत न्हाई. साहेबावर काढावा तर ते कवळं पोरगं, उद्या त्याचीबी बदली. मंग आक्कावर काढला. "सांगत होतो का न्हाई? जोती आधी काढू म्हणलो होतो का न्हाई? घातलास ना सगळ्यांच्या घरावर नांगर!"

आक्का पहिल्यांदा गप बसली. वैजीनाथनं वर बघितलं.

संध्याकाळी टोळी त्या रेघांमधीच बसली. सिमिट उरलेली अशी की पार्वतीबाईचा स्लॅब तरी होईल, न्हाईतर सगळ्यांची जोती तरी होतील. मनिषा रडायली. "आक्का, एकदा नाव कटलं तर पुन्हा येत न्हाई. मपल्या सासूचं असंच गेलं." कोणी म्हणालं, लेकरं ह्या वर्सी नेऊ संग, एक वर्साचा तर प्रश्न हाय. भक्ती आजीच्या मागं बसलेली. तिनं पुस्तक मिटलं अन् मांडीवर ठेवलं. ते बघून मला आक्काचा आणखीनच राग आला. पोरीला आस लावायचीच कशाला?

मंग आक्का उठली. "गोप्या, सिमिट जोत्यांना लाव. छताचं मी बघते."

"छताचं काय बघणार? आभाळातून पाडणार?"

सकाळी मी कामावर आलो तर आक्का डोक्यावर पत्रे घेऊन यायली. ते कोपीचे पत्रे. कारखान्यावर कोपी घालायला हरेक घर चार-दोन पत्रे जपून ठेवतं, दरसाल नेतं, दरसाल आणतं. सगळा हंगाम त्याच्याखाली काढायचा असतो. तिनं ते पार्वतीबाईच्या भिंतीला टेकवले.

"अन् तिकडं तू कशात राहणार?"

"उसाचं पाचट काय कमी हाय का कारखान्यावर?"

"आक्का, थंडी असते. पाऊस येतो एखाद्या येळंला."

"मला नको शिकवू फड. मी जल्मले तिथं."

दुपारपर्यंत महारुद्रची बायको शिवकन्या पत्रे घेऊन आली. मंग मनिषा, मंग माणिकराव, मंग सगळेच. कोणाचा गंजलेला, कोणाचा निळा, कोणाचा भोकं पडलेला. मी लाकडी वासे टाकून ते बसवले अन् भोकं डांबरानं बुजवली. असलं ठिगळ-ठिगळ छत मी आजवर कोणाला करून दिलं न्हाई. पार्वतीबाई खाली उभी राहून म्हणायली, "माय, माझ्यासाठी कामून करायलात?" आक्का म्हणली, "तुझ्यासाठी कोण करायलंय? लेकरांसाठी करायलोत. तू नुसती दाराशी बस अन् त्यांच्यावर वरड."

मंग जोती. नाल्यातले दगड, माळाचा मुरूम, अन् सिमिट जपून जपून. एकेक जोतं उठायलं. आक्काच्या जागंवर दोरी लावायला गेलो की ती म्हणायची, "मपलं मागून. आधी मनिषाचं." दसरा झाला तवा सगळ्यांची जोती झाली होती अन् आक्काच्या सैपाकघरात अजून फक्कीच होती. एवढं डोकं असलेल्या बाईला स्वतःपुरती अक्कल नसावी? मी तिला तोंडावर म्हणलं. ती म्हणली, "व्हईल रे."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच बन्सीधरचा ट्रक आला, अन् नेमके त्याच दिवशी साहेब.

साहेब एकेका जोत्यावर एकेकाला उभं करून फोटू काढायले. ज्याचा झाला तो ट्रकात चढायला. बोचकी चढली, भांडी चढली, चढायला पत्रे मात्र नव्हते. बन्सीधर भोंगा वाजवून वाजवून कान किटवायला. साहेब आक्काच्या जागंवर आले.

"जोतं?"

"अर्ध्या दिवसात होतं, साहेब," मी म्हणलं. खोटंच म्हणलं. एकट्यानं ते दोन दिवसांत झालं नसतं.

"मला पालमला जायचंय. अजून दोन गावं आहेत. नाव कटलं तर मला दोष देऊ नका."

आक्का म्हणली, "जाऊ द्या साहेब. एक नाव गेलं तर गेलं." अन् ट्रककडं चालायली. मला वाटलं, घमेलं उचलावं अन् हाणावं तिच्या पाठीत.

तेवढ्यात पार्वतीबाई आली. गुडघ्यावर हात देत, कण्हत, अन् ओच्यात एक दगड. तो तिनं फक्कीच्या रेघंवर टाकला अन् ट्रककडं बघून अशी वरडली की मला वाटलं हिचा जीव जातोय.

"आरं, आक्काची पात मागं राहिलीय! दिसत न्हाई का तुमाला?"

ट्रकाचं मागचं फळकं खाली पडलं. शिवकन्या उतरली, मनिषा लेकरू दुसरीकडं देऊन उतरली, माणिकराव उतरला, महारुद्रनं तर उडीच टाकली. बन्सीधर भोंगा वाजवायला, कोणी मागं बघंना. नाल्यापासून माळापर्यंत माणसं लागली, दगड हातोहात यायला लागले. भक्ती पाणी आणायली. वैजीनाथ, ते माणूस, "हला, हला, बिगी बिगी!" असं सगळ्या गावाला ऐकू जाईल इतकं वरडलं. मला दोरीचं दुसरं टोक धरायला माणूस उरला न्हाई, तवा मी ते साहेबाच्या हातात दिलं. "धरा, नुसतं उभं काय राहिलात!" त्यानं घड्याळाकडं बघितलं, काईतरी पुटपुटलं, चपला काढल्या अन् दोरी धरली.

दिवस कलताना जोतं झालं. आक्काला वर उभं केलं. कंबरेला कोयता, दोन्ही हातांत बोचकी, अन् डोळे पुसायला हात रिकामा न्हाई. साहेब म्हणला, "मावशी, मोबाईलकडं बघा." ती म्हणली, "काढ रे बाबा लवकर, ट्रक जाईल."

भक्ती खालीच राहिली. ट्रक हलला तवा आक्का फळक्यावरून वाकून वरडली ती नातीला न्हाई, मला. "गोप्या! जोत्याला दोन्ही टाइम पाणी मार! न्हाई मारलंस तर बघ!"

मारतो. काय करता? शाळा सुटली की भक्ती अन् बाकीची लेकरं बादल्या आणतात अन् मी सगळ्या जोत्यांवरून फिरतो. फुकट. परवा साहेबाचा फोन होता. पुन्हा नवीन पत्र आलंय म्हणे, आता सामाईक वसाहतीला प्राधान्य हाय, जुना नकाशा हाय का तुमच्याकडं? मी त्याला काय बोललो ते हितं सांगण्यासारखं न्हाई.

अन् काल दुपारी अवकाळी पाऊस आला. मी पळत पार्वतीबाईच्या घरात शिरलो. पत्र्यावर एवढा धडधडाट की बोललेलं ऐकू येईना. लेकरं भिंतीला टेकून बसलेली, भक्ती त्यांना पाढे म्हणायला लावायली, म्हातारी दाराशी बसून वरडायली. वर बघितलं. एक थेंब न्हाई. सर जरा ओसरली, तेवढ्यात आक्काचा फोन.

"गोप्या, पाऊस हाय का तिकडं?"

"हाय."

"लेकरांवर गळायलंय का?"

"न्हाई, आक्का. कोरडं हाय सगळं."

"मंग झालं."

तिच्या फोनमधीबी पाऊस ऐकू यायला. पत्र्यावरचा न्हाई, चिखलातला. मागं कोणाचं तरी लहान लेकरू रडायलं, अन् शिवकन्या कोणाला तरी म्हणायली, ताडपत्रीचं टोक धरा, हिकडून गेलं.

मी म्हणलं, "आक्का, तुमी कशात हायत?"

"आमचं सोड," ती म्हणली. "आज जोत्यावर पाणी मारू नको. पावसानं मारलंय."