पार्किंगचा मुद्दा

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तो त्या आठवड्यात बाहेरगावी होता. परत आल्यावर ‘कशी झाली मीटिंग?’ म्हणाला, तेव्हा ‘नेहमीसारखी’ म्हणून मी चहाचं आधण ठेवलं. तुम्हाला का सांगतेय? — मलाच धड माहीत नाही.

इथे अमेरिकेत, ईडन प्रेरी गावात, आमच्या शेजारी नसीम राहते. मिरजेची. मला ताई म्हणते. इथे आल्यापासून माझं मनसोक्त मराठी बोलणं तिच्याशीच व्हायचं — मराठी मंडळातल्या बायकांशी जेवढं नाही, तेवढं. गणपतीत आमच्याकडे आरतीला माणसं आली की त्यांच्या गाड्या तिच्या ड्राइव्हवेत लागायच्या. मी विचारायचेसुद्धा नाही. गृहीतच धरलेलं.

तर — कोपऱ्यावरची ऑफिसची इमारत रिकामी पडली होती. तिथे नमाजाची जागा करावी म्हणून तिच्या लोकांनी सिटीकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, परवानगी मागितली. नसीमचे सासरे गुडघ्यांनी बेजार, गाडी चालवता येत नाही. शुक्रवारी आता चालत जाता येईल म्हणून म्हातारा असा खूश! काठी टेकत रोज तिथपर्यंत जाऊन यायचे, सवय हवी म्हणून.

सिटीने जाहीर सुनावणीची मीटिंग ठरवली. समोरच्या घरातले डेव्ह, याच गावात जन्मलेले, आमच्या दारात आले आणि म्हणाले, तुम्ही विरोधात बोललात तर बरं होईल. मीच का? न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? गोरा माणूस बोलला तर वाईट दिसतं. माझ्या रंगाची बाई बोलली तर दिसत नाही. सगळं कळत होतं मला. आणि तरी — लिहितानाही लाज वाटते — मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच मला नावाने हाक मारली होती.

सुरुवातीलाच सिटीच्या वकिलाने बजावलं: सरकार कुठल्याही धर्माच्या बाजूने नाही आणि विरोधातही नाही, तेव्हा धर्माबद्दल बोलायचं नाही. ट्रॅफिक, पार्किंग, आवाज, एवढंच. नियम चांगला होता. आम्ही त्याचा आडोसा केला. माणसांमागून माणसं उठून पार्किंगवर बोलली, आणि पार्किंगची काळजी त्यांतल्या एकालाही नसावी. मला तरी कुठे होती? मला भीती होती ती वेगळीच — की हे गोरे लोक उद्या आम्हालाही नसीमच्या लोकांतलेच समजतील.

मी उठले. म्हणाले, शेजारी नसीमकडे कार्यक्रम असला की आमच्या ड्राइव्हवेसमोर गाड्या लागतात. एकदा तर माझी मुलगी तापाने फणफणलेली, आणि मला गाडी बाहेर काढता आली नाही.

गाडी अडली होती, हे खरं. पण अडवणारी गाडी आमच्याच आरतीला आलेल्या पाहुण्यांची होती. आणि मुलीला त्या संध्याकाळी डॉक्टरकडे नेलं होतं — नसीमने. तिच्या गाडीतून.

शेवटी ‘वी लिव्ह हिअर’ असं जरा जोरात म्हणून मी खाली बसले. टाळ्या पडल्या. नसीम मागच्या रांगेत सासऱ्यांशेजारी बसली होती. परवानगी मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना ती भेटली. आता ती गाडीचं काढणार, म्हणून मी मनातल्या मनात उत्तर जुळवत होते. तिने गाडीचं नावही काढलं नाही. म्हणाली, “ताई, ते ‘वी’ म्हणजे तुम्ही ‘आपण’ म्हणालात, का ‘आम्ही’?”

इंग्रजीत दोन्हीला शब्द एकच. म्हणून तर तो इतक्या सहज तोंडातून गेला. मराठीत असं लपता येत नाही.

मी म्हणाले, “अगं, इंग्रजीत तसंच म्हणतात.”

काय हे उत्तर? तेव्हाच माफी मागता आली असती. सिटीला कळवता आलं असतं की मी खोटं बोलले. यातलं मी काही केलं नाही, नंतरही नाही. तिने मान डोलावली आणि ती आत गेली.

सासरे शुक्रवारीही घरीच नमाज पढतात. काठी घेऊन बाहेर पडलेलं मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही. नसीमने अबोला धरलेला नाही, भांडणही नाही. दिसली की हसते, मुलीची चौकशी करते. फक्त त्या दिवसापासून ती माझ्याशी इंग्रजीत बोलते. मीही इंग्रजीतच उत्तर देते. तिच्याशी मराठीत बोलायची माझी हिंमत होत नाही.