सासूबाईंचं फ्रेंच माहेर

आपण फ्रेंच आहोत, असं सासूबाईंनी एका रविवारी जेवताना जाहीर केलं. माझा इंग्रज नवरा बटाटे वाढून घेत होता. "गेल्या वर्षी तू व्हायकिंग होतीस, मम," एवढंच तो म्हणाला. गेल्या वर्षी त्यांनी डीएनए तपासायला एका नळीत थुंकून ती नळी पोस्टाने कुठेशी पाठवली होती आणि उत्तर आल्यावर दोन महिने त्या घरात जरा पाय आपटत चालायच्या.

पण या वेळी प्रकरण वेगळं होतं. सासूबाईंची आई बर्मिंगहॅमच्या एका शाळेत फरशी पुसायची. पुसायची फरशी आणि सांगायची काय, तर आपण मूळचे रेशीमवाले, धर्मापायी फ्रान्स सोडून पळून आलेलो. पुरावा शून्य. सासूबाईंची थोरली बहीण हे ऐकलं की टेबलावर हात आपटून हसायची. आईच्या अंत्यविधीनंतरच्या चहालाही तिने आईच्या आवाजात ती रेशमाची गोष्ट सांगितली आणि सगळे हसले. सासूबाईही हसल्या. त्या हसण्याची लाज त्यांना चाळीस वर्षं पुरली होती. आता थोरली चौऱ्याऐंशीची, केअर होममध्ये. ती आहे तोवर तिच्या नाकावर टिच्चून दाखवायचं की आई खोटारडी नव्हती, असा सगळा बेत होता.

काम माझ्या गळ्यात पडलं. मी बँकेच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते, म्हणजे मला काहीही शोधता येतं, असा या घरात समज आहे. दर शनिवारी सकाळी सासूबाई वही घेऊन आमच्या किचनमध्ये हजर. इंग्रजीत अहो-जाहो करता येत नाही, पण मी त्यांना मनातल्या मनात तुम्हीच म्हणते. त्याशिवाय मला त्यांच्यावर नीट चिडता येत नाही.

आधी मी ह्यूगेनॉट म्हणजे कोण ते वाचून काढलं. फ्रान्समधले प्रॉटेस्टंट. राजाने त्यांचा धर्मच गुन्हा ठरवला, मग ते मिळेल त्या होडीत बसून इंग्लंडला आले आणि लंडनच्या पूर्वेला माग टाकून रेशीम विणत बसले.

"म्हणजे होडीतून आले," मी म्हणाले. "कागदपत्रांशिवाय."

सासूबाई रोज संध्याकाळी बातम्यांतल्या निर्वासितांच्या होड्या बघून टीव्हीला झापतात. त्यांनी चहात बिस्किट बुडवलं. ते तुटून आत पडलं तरी त्या बघत राहिल्या.

"त्यांच्या हातात स्किल होतं," शेवटी त्या म्हणाल्या.

"स्किल माझ्याकडेही होतं. तरी व्हिसासाठी माझी छाती एक्स-रे करून बघितली."

"तू पुढे वाच," त्या म्हणाल्या.

तर आम्ही आईची आई, तिची आई असं करत मागे निघालो. सगळ्या बायकाच. बायका शोधणं म्हणजे वैताग, दर लग्नाला आडनाव बदललेलं. तरी इंग्रजांचं एक बरं आहे, त्यांनी बारसं, लग्न, मर्तिक सगळं चर्चच्या वहीत लिहून ठेवलंय. तिसऱ्या महिन्यात आम्ही दोनशे वर्षं मागे, कॉव्हेंट्रीत पोचलो. तिथे रेशमी फिती विणणारा एक माणूस सापडला. त्याची मुलगी म्हणजे सासूबाईंची थेट पूर्वज. आणि त्याच्या लग्नाच्या नोंदीत बायकोचं माहेरचं आडनाव अस्सल फ्रेंच! तिच्या आईवडिलांची नोंद लंडनच्या फ्रेंच चर्चमध्ये, त्याच्यामागे आणखी तीन पिढ्या, आणि मग थेट फ्रान्स. सासूबाई किचनमध्ये किंचाळल्या. नवरा वरून धावत आला, त्याला वाटलं भाजलं.

एक बारीकशी गोष्ट होती. लग्नात बायकोचं नाव एक होतं आणि चार वर्षांनी मुलीच्या बारशाच्या नोंदीत आईचं नाव दुसरंच. मी ते पाहिलं आणि पुढे गेले. लग्न झालं, नाव बदललं, त्यात काय एवढं? माझ्या आईचं बदललं, आजीचं बदललं. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं आणि पेढे वाटायचे. घरात बावीस वर्षं एका नावाने हाक मारलेली मुलगी संध्याकाळी दुसरीच होऊन सासरी जाते, हे मी इतक्यांदा पाहिलंय की फितीवाल्याच्या बायकोचं नाव बदललं नसतं तरच मला शंका आली असती.

सासूबाईंनी वंशवृक्ष मोठ्या कागदावर छापून घेतला. रोज बागेत लांबलचक फ्रेंच पाव खाऊ लागल्या. थोरलीला दाखवण्याआधी त्यांना कॉव्हेंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसमधून मूळ पानाची शिक्का मारलेली प्रत हवी होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तिथे मदतीला एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांनी आमचा कागद वरपासून खाली वाचला आणि पेन्सिल एका जागी टेकवली.

"या दोन वेगळ्या बायका आहेत."

"नाही नाही," मी समजुतीने म्हणाले. "ही लग्नाआधीची आणि ही नंतरची."

"लग्नानंतर आडनाव बदलतं. पहिलं नाव कशाला बदलेल?"

आयुष्यात पहिल्यांदाच हा प्रश्न मला कोणीतरी विचारला होता, आणि खरंच, कशाला? त्या गृहस्थांनी मर्तिकाची वही काढली. फ्रेंच आडनावाची बायको लग्नानंतर दीड वर्षात बाळंतपणात गेली होती. बाळही गेलं. फितीवाल्याने दुसरं लग्न केलं असणार, पण ते या चर्चमध्ये नव्हतं. आमची पूर्वज त्या दुसरीची. दुसरी कोण, कुठली, काही पत्ता नाही.

सासूबाईंनी कागदाची गुंडाळी केली. परतीच्या ट्रेनमध्ये त्या खिडकीबाहेर बघत होत्या, आणि त्या मला एक शब्दही बोलल्या नाहीत हे मला फार लागलं. त्या ओरडल्या असत्या तर मीही उलटून बोलले असते.

"तुमच्याकडे खरंच पहिलं नावही बदलतात?" बर्मिंगहॅम जवळ आल्यावर त्यांनी विचारलं.

"हो."

"रानटी आहात," त्या म्हणाल्या. मी तोंड धुवायला म्हणून उठले आणि टॉयलेटमध्ये रडून आले.

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला आईला फोन लावला. तिला सगळं सांगितलं. ती मधेमधे हुंकार देत भाजी निवडत होती.

"अगं, मग धाकटी बहीण दिली असेल," ती म्हणाली.

"कोणाची?"

"त्या मेलेल्या बायकोची. बायको गेली की घरचे काय करतात? धाकटी असेल तर तीच देतात. माणूस माहितीतला, घर माहितीतलं. तू बघ तर खरं, धाकटी होती का ते."

"आई, इथे तसं नसतं."

"माणसं सगळीकडे तशीच असतात. मेथी आणलीये, ठेवते आता."

मी फ्रेंच चर्चची वही पुन्हा उघडली. धाकटी बहीण होती. आणि तिचं नाव तेच, मुलीच्या बारशातल्या आईचं. त्या गृहस्थांना ईमेल केला. त्यांचं उत्तर आलं की मेहुणीशी लग्न चर्चला मंजूर नव्हतं, म्हणून अशी जोडपी ओळखीचं कोणी नाही अशा ठिकाणी जाऊन लग्न लावून येत. त्यांनी आठ दिवस खपून ते लग्न शोधून काढलं, लंडनमधल्या भलत्याच एका चर्चमध्ये. दोघी बहिणींचे आईबाप एकच, तेव्हा वरच्या सगळ्या पिढ्या जिथल्या तिथे राहिल्या. मधलं एक नाव खोडायचं, की झालं. सासूबाईंनी मला मिठी मारली, जी आमच्या लग्नातही मारायची राहिली होती. मग त्यांनी माझ्या आईसाठी शॉर्टब्रेडचे तीन डबे पाठवले.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी केअर होममध्ये गेलो. सासूबाईंनी लिपस्टिक लावली होती. चहाच्या ट्रॉलीवर कागद पसरून दोन्हीकडून कपांनी दाबला आणि त्या खुर्चीत ताठ बसल्या. थोरलीने चष्मा घातला. फ्रान्समधल्या गावापासून एकेक नाव बोटाने वाचत ती खाली आली. शेवटून दुसऱ्या ओळीत त्यांच्या आईचं नाव होतं. तिथे बोट थांबलं.

"म्हणजे ती खरं सांगत होती."

"हो," सासूबाई म्हणाल्या. किती वर्षांचं 'हो' होतं ते!

थोरलीने ते नाव पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाली, "हॉस्पिटलमध्ये शेवटी तिने परत ती रेशमाची गोष्ट काढली होती. मी म्हटलं, पुरे आता, मरताना तरी खोटं बोलू नकोस. तू चहा आणायला गेली होतीस."

सासूबाईंना हे ठाऊक नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. जिंकायला आलेलं ते तोंड हळूहळू उतरलं. थोरलीचं बोट अजून आईच्या नावावरच होतं.

सासूबाई पुढे वाकल्या आणि त्यांनी कप उचलले. कागद आपोआप गुंडाळला गेला.

"यावर फार जाऊ नकोस," त्या बहिणीला म्हणाल्या. "हे सगळं आमच्या सुनेने केलंय. हिने एकदा दोन बायकांची एक केली होती. अजून काही नक्की नाही."

थोरलीने माझ्याकडे पाहिलं. फार आशेने पाहिलं.

"हो," मी म्हणाले. "माझं बरंच चुकलंय त्यात."