मुलींचा सत्कार आणि एक सोपा पासवर्ड

सेवेतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र विसरता येत नाही, आणि मला ते विसरायचंही नाही.

तेव्हा मी नवेगाव बांधकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी संपत असताना एक शेतकरी आत आला आणि दुपट्ट्यात गुंडाळलेला लॅपटॉप त्याने ठाणे अंमलदाराच्या टेबलावर ठेवला.

"हा जमा करून घ्या साहेब. शाळेचा आहे. पोरगी आता शाळेत जाणार नाही."

"मंग शाळेत द्या ना. इथं कायले आणला?" अंमलदार म्हणाला.

"शाळेत देतो तं काऊन म्हणून विचारतील."

मी त्याला आत बसवलं. शाळेने दहावीच्या मुलींना घरी अभ्यासासाठी लॅपटॉप दिले होते. कोणीतरी त्याच्या मुलीच्या लॅपटॉपवरच्या ऑनलाइन खात्यात शिरून तिचे घरातले साधे फोटो उचलले होते. कॅमेऱ्यासमोर ये, नाहीतर हेच फोटो घाण करून गावभर पाठवतो, अशी धमकी सुरू होती. मुलीने बरेच दिवस तोंड उघडलं नाही. बापाला कळलं, तेव्हा त्याने तिची शाळाच बंद केली.

पोक्सोच्या, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या प्रकरणात मुलीला ठाण्यात बोलवायचं नसतं. आमच्या महिला उपनिरीक्षक साध्या वेशात घरी जाऊन जबाब घेऊन आल्या. म्हणाल्या, "सर, तिने एकच विचारलं. परीक्षेला बसता येईल का?"

खात्यात कोण, कुठून शिरलं ही माहिती खातं चालवणाऱ्या कंपनीकडून यायला वेळ लागणार होता. तोवर फोटो पसरले असते. मी संगणक शिक्षकांना बोलावलं. मुली विसरू नयेत म्हणून त्यांनी प्रत्येकीचं खातं तिच्याच नावाने उघडून लॅपटॉपवर चिकटवलेला नंबर हाच पासवर्ड ठेवला होता.

"सोपं जावं म्हणून केलं, साहेब."

"सोपं गेलंच. तो नंबर बाहेरच्या कोणी पाहिला?"

मग त्यांना आठवलं. वाटपाच्या दिवशी सत्कार झाला होता. मुलींचे लॅपटॉप हातात धरलेले फोटो त्यांनीच काढले होते, आणि त्याचा फ्लेक्स जवळच्या अर्जुनीत छापून गावच्या चौकात लावला होता. आमच्याकडे फ्लेक्सशिवाय सत्कार पुरा होत नाही. शिक्षकांनी आपला फोन स्वतःहून तपासाला दिला. त्यात काही निघालं नाही.

मी चौकात जाऊन फ्लेक्स पाहिला. वर पाहुण्यांचे हंड्याएवढे चेहरे, खाली मुली, नावागावासकट. पण त्यांचे फोटो इतके बारीक, की नंबराच्या जागी नुसता पांढरा ठिपका. चौकात उभं राहून तो कोणालाच वाचता आला नसता. नंबर वाचायला मूळ फोटो हवा. तो शिक्षकांखेरीज फक्त फ्लेक्स बनवणाऱ्याकडे होता.

हा तरुण मूळचा गोंदिया शहरातला, अर्जुनीत फ्लेक्सचं दुकान चालवणारा, बोलायला चलाख. लॅपटॉपच्या नंबराचं विचारताच म्हणाला, "नंबर तं फ्लेक्सवरच आहे ना साहेब. कोई भी पढ़ लेगा."

त्याला जीपमध्ये घालून चौकात नेलं. "वाच."

तो पुढे सरकला, डोळे बारीक केले. "उन्हानं दिसत नाही."

"मग माझ्या सावलीत ये."

सावलीतही त्याला एक आकडा वाचता आला नाही. पंचांसमक्ष त्याचा संगणक जप्त केला. त्यात या मुलीचे फोटो होते, आणि तिच्या वर्गातल्या आणखी मुलींचेही. बाहेर अजून एकही गेला नव्हता. पोक्सो आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा नोंदवून त्याला अटक केली.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः मुलीच्या घरी गेलो. "माणूस सापडला. आता शाळा?"

"लोक बोलतील साहेब," बाप म्हणाला.

"काय बोलतील?"

"पोरगी लॅपटॉपवर काय करून राहिली होती म्हणून."

"अभ्यास करून राहिली होती. तुम्ही तेच सांगा."

आतून मुलगी म्हणाली, "बाबा, सोमवारी चाचणी आहे." बापाने आत वळून पाहिलं. मग म्हणाला, "जाय मंग."

शाळांनी मुलींना स्वतःचा पासवर्ड स्वतः ठेवायला शिकवावं, त्यांची नावं-गावं चौकात टांगू नयेत, हे मी नंतर प्रत्येक शाळेत जाऊन सांगितलं. घरांना सांगायचं ते वेगळं आहे. त्या मुलीला घाबरवलं एका गुन्हेगाराने, पण तिचं तोंड बंद ठेवलं ते शाळा सुटण्याच्या भीतीने. आणि ती भीती खरी ठरली. तक्रार करणाऱ्या मुलीलाच घरी बसवणारा बाप गुन्हेगाराचं अर्धं काम करतो. मुलगी रडत समोर आली, तर तिला पहिलं हे सांगा: तुझी शाळा सुटणार नाही. पुढचं ती आपणच सांगेल.