आफ्रिकेतली लाँग रेंज

चहा घ्या, बिस्किटं घ्या, आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. कारण पुढचं सांगताना तुम्ही हसलात की माझी गाडी अडकते. चौतीस वर्षं वनरक्षक म्हणून काढलेला माणूस, एटापल्लीपासून ताडोबाच्या कडेपर्यंत पायाने जंगल तुडवलेला, तो फसला कुठे म्हणता? जंगलातच! आणि तेही परदेशातल्या!

झालं असं की, आमच्या वत्सलाच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली. वत्सला म्हणजे माझी बायको. मूल तालुक्यात आमचं गाव, तिथल्या अंगणवाडीत तिने तीस वर्षं सेविका म्हणून काम केलं. डोळे बरे झाले तसे डॉक्टर म्हणाले, "बाई, आता काय पाहायचं ते मनसोक्त पाहा." दुसरी कोणी असती तर काशी म्हणाली असती, तिरुपती म्हणाली असती. आमची बाई काय म्हणाली?

"मले जिराफ पाह्यचा हाये."

जिराफ! तिच्या अंगणवाडीच्या भिंतीवर लेकरांची उंची मोजायला एक जिराफ रंगवलेला होता. मानेवर आकडे. गावातलं एकेक लेकरू तिने त्या जिराफाला पाठ लावून उभं केलेलं. आणि तीस वर्षं एकच शंका पोटात. "अजी, खराच एवढा उंच असते का तो? का पेंटरनं आपल्या मनानंच वाढवला?"

मला खोटं नाही बोलता येत, वाईट वाटलं. मी आयुष्यभर जंगलात, आणि बायकोला जंगल किती वेळा दाखवलं? एकदाही नाही. लेकरांच्या शाळेसाठी ती गावी, मी कॅम्पवर. ती म्हणायची, "एकडाव न्या ना जी." मी म्हणायचो, आता पावसाळा हाये. मग, आता थंडी हाये. मग, आता वणव्याचे दिवस हायेत. असे करत करत सगळे ऋतू संपले आणि मी रिटायर झालो.

आमची पोरगी पल्लवी पुण्यात नोकरीला. तिने एका दमात ठरवून टाकलं की आईबाबांनी आफ्रिकेला जायचं. वरून मला म्हणाली, "कधी जायचं आणि कुठे राहायचं ते बाबा तुम्ही ठरवा. जंगलातलं तुम्हालाच कळतं."

झालं! माकडाच्या हाती कोलीत!

ट्रॅव्हल कंपनीतली मृण्मयी नावाची मुलगी फोनवर आली. तीही पुण्याची. बोलणं इतकं स्वच्छ की मी खुर्चीत सरळ होऊन बसलो.

"काका, माझं ऐकाल तर जुलै ते ऑक्टोबर जा. तेव्हा मायग्रेशन असतं."

मायग्रेशन म्हणजे स्थलांतर, एवढं मला येतं हो! आमच्या गडचिरोलीतले लोक मिरची तोडायला तेलंगणात स्थलांतर करतात, तेव्हा गावात भुंकायला कुत्रंसुद्धा राहत नाही. मग जनावरं घरदार सोडून गेल्यावर आम्ही तिथे जाऊन काय करायचं? गवत मोजायचं?

"नाई बाई," मी म्हटलं, "जनावर घरी असते तवाचं सांगा."

"अं... म्हणजे, काका?"

"म्हणजे मे महिना! मे महिन्यात पाणी आटते, जनावर पाणवठ्यावर येते. जंगलाचा पहिला धडा हाये हा."

"पण काका, मेमध्ये तिथे लाँग रेन्स असतात..."

आता आमच्या घरात फोनचं नेटवर्क कसं आहे ते तुम्हाला माहीत आहे. मला ऐकू काय आलं? लाँग रेंज! आणि रेंज म्हणजे आमच्या खात्यात वनपरिक्षेत्र. बीट, राउंड, रेंज. लांबच लांब रेंज म्हणजे जंगल मोठं, जनावर जास्त. यात तक्रार कशाची?

"लाँग रेंजच पाह्यजे आमाले!" मी गरजलो.

"नक्की ना काका? बऱ्याच लोकांना त्याचा त्रास होतो."

"आमाले कायचा त्रास? जिंदगी रेंजमधी गेली आमची!"

"बरं. आणि राहायला टेंटेड कॅम्प बघू? नदीकाठी आहे, फार सुंदर..."

कॅम्प हा शब्द ऐकला आणि माझ्या अंगावर काटा आला. आमचा संरक्षण कॅम्प मला आठवला. पत्र्याची एक खोली, तिघांत एक बाज, पिठात उंदीर, ओल्या लाकडांची चूल आणि दाराला पाठ घासून जाणारं अस्वल. आणि नदीकाठ म्हणजे तर मच्छरांचं माहेर! नुकते डोळे बरे झालेल्या बायकोला असल्या ठिकाणी नेऊ?

"कॅम्प नाई अन् तंबू नाई. सिमेंटची पक्की खोली पाह्यजे. नदीपासून जेवढी दूर भेटेल तेवढी."

"तुम्ही म्हणाल तसं, काका," ती म्हणाली. बिचारी!

मग माझी तयारी काय विचारता! सुती कपडे, तोंडाला बांधायला चार दुपट्टे, ग्लुकोजचे डबे, पन्ह्याचा अर्क आणि ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा. वत्सला बॅगेत दोन शाली ठेवत होती.

"मे महिन्यात शाल? लोक हसतील आपल्याले!"

"बरं जी," ती म्हणाली, आणि शाली तशाच ठेवल्या.

नैरोबीच्या विमानतळावर एका अधिकाऱ्याने माझ्या खिशातला कांदा बाहेर काढला. उलटसुलट करून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मग काचेबाहेर पाहिलं. बाहेर पाऊस असा कोसळत होता की समोरची गाडी दिसेना.

"अवकाळी हाये," मी वत्सलाला म्हटलं. "उद्या उघडते."

उद्या उघडलं नाही. आम्हाला न्यायला आलेला ड्रायव्हर जोसेफ, सहा फूट उंच, सदा हसतमुख. सकाळी गाडीत बसता बसता मी त्याला माझ्या इंग्रजीत विचारलं की हे कधी थांबणार. तो खुशीत म्हणाला, "लाँग रेन्स, सर! व्हेरी लाँग!"

रेन्स! रेंज नव्हती हो ती! रेन्स, म्हणजे पाऊस!

मागून वत्सला विचारते, "काय म्हणून राह्यला तो?"

आता खरं सांगायचं की नाही? मी म्हटलं, "म्हणते... रेंज लई मोठी हाये."

"असं," ती म्हणाली, आणि काचेवरचं पाणी पदराने पुसायला लागली. काच बाहेरून ओली, ही आतून पुसते!

दुपारी लॉजवर पोचलो. आमची पक्की खोली कशी होती? पक्कीच होती. मी मागितली तशी नदीपासून दूर. इतकी दूर की खिडकी उघडली तर समोर भटारखान्याची भिंत. फरशी बर्फासारखी. लॉजवर दुसरा एक पाहुणा नाही, कारण या दिवसांत शहाणी माणसं इकडे येतच नाहीत. मी चार दुपट्टे अंगाभोवती गुंडाळून बसलो. वत्सलाने एक शाल माझ्या खांद्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी त्या पक्क्या खोलीचं छत गळायला लागलं, नेमकं माझ्या पलंगावर! लॉजची मॅनेजर, ग्रेस नावाची बाई, धावत आली. सगळे तंबू रिकामेच आहेत, चला तिकडे, असं म्हणाली.

"तंबूत नाई!" मी हात जोडले. "बाई, मी चौतीस वर्षं काढली कॅम्पात. माणसाचे हाल होतात."

पण वत्सला तिच्यामागून निघालीसुद्धा. मी बाहेर छत्रीत उभा. आत गेलेली बाई पाच मिनिटं बाहेर येईना. आली तेव्हा चेहरा पाहण्यासारखा.

"अजी, आत पलंग हाये. दोन माणसं आडवीतिडवी झोपतील एवढा. गालिचा हाये. न्हाणीघर हाये, गरम पाणी हाये." मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हा कॅम्प होता काय तुमचा? अन् मले चौतीस वर्षं सांगत राह्यले का लई हाल होतात म्हून?"

"अवं, शप्पथ! आमचा असा नव्हता!"

"अन् मी घरून डब्यात चिवडा भरून पाठवत होती!"

आता तुम्हीच सांगा, असल्या वेळी माणसाने साक्षीला कोणाला बोलवायचं? त्या अस्वलाला?

तिसऱ्या दिवशी जरा उघडीप झाली म्हणून जोसेफने गाडी बाहेर काढली. मैल-दोन मैल गेलो असू. खाली काळी माती, अगदी आपल्या वरोऱ्याकडची. चाक रुतलं. जोसेफने दुर्बिणीतून चारी बाजू पाहिल्या, सिंह नाही याची खात्री केली आणि उतरायला सांगितलं.

"तू बस वरच," मी वत्सलाला म्हटलं. "जंगलातली गाडी कशी काढतात, मले मालूम हाये."

मी मागून जोर लावला. चाक फिरलं, आणि डोक्यापासून पायापर्यंत मी चिखलाने लिंपला गेलो. पुन्हा जोर लावला. या वेळी गाडी खरंच पुढे सरकली. मी मात्र आधार गेल्यामुळे तिथेच तोंडावर आडवा! आणि गाडी? चार हात पुढे जाऊन पुन्हा रुतली.

वरून आवाज आला. हसण्याचा. असं हसणं मी लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर ऐकलं नव्हतं. हसत हसतच ती खाली उतरली. चपला काढल्या, पदर खोचला, लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं. त्या चिखलात मी बूट घालून पडतो आणि ही अनवाणी सरसर चालते!

"उठा," तिने हात दिला. "कुरखेड्याची लेक हाये मी. दरसाल धानाच्या रोवण्याले गुडघाभर चिखलात उभी राह्यली. चिखलाशी झगडायचं नाई जी. हळूच पाय काढायचा."

तिने जोसेफला खुणांनी सांगितलं. दोघांनी मिळून गवताच्या पेंढ्या आणि काटक्या चाकांखाली दाबल्या. जोसेफला मराठी येत नाही, तिला इंग्रजी येत नाही, पण कामात एकदाही अडलं नाही. गाडी निघाली. मी काय केलं? बाजूला उभा राहून कानातला चिखल काढला.

तेवढ्यात जोसेफने बोट वर केलं.

बाभळीसारख्या झाडांच्या वरून एक डोकं आमच्याकडे पाहत होतं. पापण्या केवढ्या लांब! किती वेळ पाहत होतं देव जाणे. मग ते झाडांतून बाहेर आलं, आणि येतच राहिलं. मान संपेना, पाय संपेनात.

वत्सला गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेली, हात तसेच लोंबते ठेवून उभी. तिचे ते नवे डोळे खालपासून वरपर्यंत गेले, वरून खाली आले. मग फार हळू म्हणाली,

"पेंटरनं कमीच केला होता जी."

चिखल पुसायच्या निमित्ताने मी डोळे पुसून घेतले.

दुपारी तंबूच्या ओट्यावर ती बादलीत पाय धूत बसली होती. समोर नदी. मी मनाशी पक्कं केलं, आता खरं सांगून टाकायचं. अवकाळी-बिवकाळी काही नाही, माझ्या कानाची चूक आहे. एवढ्यात तिच्या फोनवर मेसेज वाजला.

"हात वले हायेत माझे, वाचा ना कोणाचा हाये."

मी मोठ्याने वाचायला लागलो. "काकू, पाऊस कसा आहे? त्रास होत नाही ना? आणि काका अजून अवकाळीच म्हणताहेत का? मृण्मयी."

मी फोन खाली ठेवला. वत्सलाने दुसरा पाय बादलीत घातला.

"तुले मालूम होतं?"

"तुमचं तिच्याशी बोलणं झालं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्या पोरीनं मले फोन केला होता. बिचारी लई घाबरली होती. काकू, काकांना नीट ऐकू आलं नसावं, म्हणे. अन् तुमचं अवकाळीचं मीच कळवलं तिले इथून."

"मग मले काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तुमी यायचंच रद्द केलं असतं." ती माझ्याकडे न पाहता म्हणाली. "मले तुमच्यासंगं जंगलात यायचं होतं. पावसात तं पावसात."

नदीकडे पाहत बसलो. बराच वेळ बसलो. चहा आला, निवला, तरी मी आपला गप्प. शेवटी वत्सलाच म्हणाली,

"जिराफ पाह्यला, ते बरंच झालं. पण तुमाले अर्धा घंटा चूप बसलेलं पाह्यले मले आफ्रिकेत यावं लागन, हे काही कोणी सांगतलं नव्हतं!"